तुम्ही विचारलंत म्हणून: वाडा दुरुस्त करायला किती खर्च येतो?

लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न येतो, बँकेच्या रांगेत येतो. हल्ली व्हॉट्सॲपवर एका नक्षीदार खांबाचा फोटो येतो आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं: "मॅडम, पेठेत आमचा वाडा आहे. दुरुस्तीला अंदाजे किती लागतील?" जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी बावीस वर्षं करतेय, पण या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न ठरलेला: कौलं शेवटची कधी शाकारली होती? समोरच्याला वाटतं, बाई टाळतायत. पुणेरी तिरकसपणाचाही आरोप होतो. तो अगदीच खोटा नाही.

पण उत्तर खरोखर तिथेच आहे. आपल्याकडचा वाडा म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा. दगडी जोतं, जोत्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या नि फळ्यांचं छत. दोन खांबांमधला खण, आणि घर मोजायचं ते खणांत. भिंती विटांच्या, भेंड्यांच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) नाहीतर पांढरीच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या. आतल्या बऱ्याच भिंती नुसत्या मधे भरलेल्या असतात, भार खांबच पेलतात. हा सांगाडा कोरडा राहिला तर दोनशे वर्षं खुशाल उभा राहतो. सतत ओला राहिला की बुरशी धरते, मागोमाग वाळवी येते, आणि मग वीस वर्षंही पुरतात. म्हणजे वाड्याचं वय महत्त्वाचं नाही, पाणी कुठून शिरतं आणि किती वर्षं शिरतंय हे महत्त्वाचं.

म्हणून वाडा बघायला गेले की मालक मला दिवाणखान्यात नेतात, लाकडात कोरलेली केळफुलं नि महिरपी दाखवतात, आणि मी पोटमाळ्याचा जिना विचारते. वर बॅटरी मारायची आणि छपराचे दोन उतार जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ शोधायची. ती गंजलेली असली की तिच्या बरोब्बर खालचा खांब गाठायचा आणि तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचायचा. जरासा जाऊन अडला तर ठीक. मुठीपर्यंत आत गेला तर त्या क्षणी मी मालकांकडे बघत नाही.

पूर्वी वळवाच्या आधी कौलं चाळली जायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा. दोन माणसांचं तीन-चार दिवसांचं काम. ही सवय मोडली ती लोक आळशी झाले म्हणून नव्हे. १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधली गेली. हेतू चांगलाच होता, किती बिऱ्हाडं त्यामुळे शहरात टिकली. पण पुढे पुढे सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून येणारं भाडं कौलं शाकारायलाही पुरेना. मालक म्हणणार, राहता तुम्ही, तुम्हीच करा. बिऱ्हाडकरू म्हणणार, छप्पर मालकाचं. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली खरी, पण मूळ भाडं वीस रुपये असेल तर ती वाढ होते ऐंशी पैसे. त्यातून सातबारा नाहीतर सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चौदा नावं. त्यातली दोन अमेरिकेत, एक बोलत नाही. एवढ्या सगळ्यांच्या मधून पाणी शांतपणे खांबात उतरतं. आपण म्हणतो, वाडा जुना झाला.

दुसरं एक पाणी माणसांनी स्वतः कोंडून ठेवलेलं असतं. त्यात मीही आहे. काम सुरू केलं तेव्हाची गोष्ट. एका वाड्याच्या माजघराची भिंत खालून ओल धरत होती, गिलावा सुटला होता. मी तीन फुटांपर्यंत छान सिमेंटचा गिलावा करून दिला. भिंत गुळगुळीत झाली, घरच्यांनी पेढे दिले. चार पावसाळ्यांनी बोलावणं आलं. ओल पाच फुटांवर चढली होती आणि भिंतीत दडलेल्या खांबाचा बुंधा भुसा झाला होता. जोत्यातून वर आलेली ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जायची. मी तिला दारच बंद केलं होतं, मग ती वर सरकली आणि लाकडात शिरली. मातीच्या नि मऊ विटांच्या भिंतीला सिमेंट म्हणजे उन्हाळ्यात रेनकोट. तो गिलावा मी स्वखर्चाने काढला. खांबाला टेकू देऊन, कुजलेला बुंधा कापून खाली नवा साग सांधावा लागला. पेढे परत मागितले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

चुन्याचं नाव काढलं की लोकांचे डोळे चमकतात. "गूळ, हिरडा, बेलफळ घालता ना?" घालतो, मापात. पण चुन्याचं खरं कसब वाट बघण्यात आहे. कळीचा चुना भिजवून मुरवायचा, वाळू नि सुरखीबरोबर (सुरखी म्हणजे विटांची पूड) चुन्याच्या घाणीत मळायचा, पातळ थर द्यायचे आणि दर थराला दिवसचे दिवस ओलं ठेवायचं. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. खर्चाचा मोठा भाग तिथे जातो. माल महाग नाही, दिवस महाग आहेत. गणपतीच्या आत काम संपवून द्या म्हणणाऱ्यांना मी चुन्याचं काम देत नाही.

"मग शनिवारवाड्याला किती येत असेल?" असंही विचारतात. शनिवारवाड्याचं दुखणं वेगळं. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग आठवडाभर धुमसत होती, त्यात आतला लाकडी वाडा गेला. नगारखाना सोडला तर मागे उरली ती मुख्यतः तटबंदी, दरवाजे नि जोती. दगडाला पन्हळीची एवढी धास्ती नसते. विश्रामबागवाड्यासमोर उभं राहा, म्हणजे माझं काम कळेल. १८०७ च्या सुमाराचा तो वाडा, रस्त्यावरून दिसणारे ते सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, सगळं लाकूड. आणि दर जूनला पुण्यात पाऊस येतोच.

एवढे खांब बदलल्यावर वाडा मूळचा राहतो का, हा चहाबरोबरचा प्रश्न. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा केळकर संग्रहालयात नेऊन उभे केले आहेत. ते बघताना मला आनंदही होतो आणि चुटपूटही लागते. लाकूड तेच आहे, पण त्यावर पाऊस पडत नाही. मला विचाराल तर बुंध्याशी नवा साग सांधलेला, पण बिऱ्हाड नांदतं असलेला खांब जास्त मूळचा.

सगळे वाडे वाचवावेत असं मी म्हणत नाही. आजवर तीन ठिकाणी मी स्वतः सांगितलं, उतरवा. सांगाडाच गेला होता आणि खाली मुलं खेळत होती. मात्र उतरवण्याआधी नकाशा बघा. २०१० साली पुरातत्त्व कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. शनिवारवाड्याच्या नाहीतर पाताळेश्वर लेण्याच्या इतक्या जवळ तुमचा वाडा असेल, तर "पाडून नवा बांधला तर स्वस्त पडेल" या हिशेबातला नवा बांधण्याचा भागच उरत नाही. हे ऐकून माणसं चिडतात. त्यांचं चिडणं मला कळतं. त्यांच्या घरात पाणी गळतंय आणि नियम शेजारच्या वाड्यासाठी केलेला आहे.

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतून असाच फोटो आला, सुंदर खांब. मी लिहिलं, छपराचा पाठवा. पोटमाळ्याची किल्ली ठाण्याच्या चुलतभावाकडे होती. पंधरा दिवसांनी फोटो आला: दोन उतारांमधल्या पन्हळीत चार फुटांचा पिंपळ, पानं लकलक करणारी. माझे मिस्त्री बघून म्हणाले, "बाई, पिंपळाला मी असा हात लावणार नाही. आधी नारळ फोडू." मालकांनी पुन्हा विचारलं, अंदाजे किती? मी अंदाजपत्रकाचा कागद काढला आणि पहिली ओळ लिहिली: नारळ, नग एक.