पाचव्या महिन्यात फक्त पोटच बदलत नाही

पाचवा महिना सरत आला की भेटणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी पोटाकडे जाते. ते साहजिकही आहे, कारण साधारण २०व्या आठवड्यात गर्भाशयाचे वरचे टोक बेंबीपर्यंत पोहोचलेले असते आणि आता काही लपवण्यासारखे उरलेले नसते. पहिल्या तीन महिन्यांची मळमळ ओसरलेली असते, जेवण पुन्हा गोड लागू लागते, आणि म्हणून १४ ते २७ आठवड्यांचा हा मधला काळ सर्वांत सोपा असे जो तो सांगतो. मळमळीपुरते ते खरे आहे. मात्र माझा रोजचा दिवस ज्याने खऱ्या अर्थाने बदलला, ते पोट नव्हे, रक्त आहे.

गरोदरपणात शरीरातील रक्त हळूहळू वाढत जाते आणि शेवटच्या तिमाहीपर्यंत ते पूर्वीपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी जास्त होते. या वाढीत रक्तातील द्रवाचा वाटा तांबड्या पेशींपेक्षा मोठा असतो, त्यामुळे रक्त काहीसे पातळ होते आणि नीट खात-पीत असूनही तपासणीत हिमोग्लोबिन थोडे उतरलेले दिसते. त्याच सुमारास संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब नेहमीपेक्षा जरा खाली येतो. पलंगावरून झटकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी का येते, हे मला एवढे वाचल्यावर उमगले. आता सकाळी उठण्याचाही एक क्रम ठरून गेला आहे: आधी कुशीवर वळायचे, कोपरावर भार देऊन पाय खाली सोडायचे, पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसायचे आणि मगच उभे राहायचे. घाईच्या दिवशी हा क्रम जिवावर येतो, पण तो टाळला की लगेच भिंतीचा आधार शोधावा लागतो.

नाक चोंदणे हेही या वाढलेल्या रक्तपुरवठ्याचेच देणे आहे. सर्दी नाही, शिंका नाहीत, तरी रात्री एक नाकपुडी बंद, कारण आतली नाजूक त्वचा सुजलेली असते. हिरड्यांचेही तसेच. दात घासताना फेस गुलाबी दिसला की प्रथम दचकायला होते. मऊ ब्रश आणि दंतवैद्यांची एक भेट एवढ्याने माझे भागले. गरोदरपणात दातांचे उपचार करून घेऊ नयेत हा समज मात्र निराधार आहे. उलट हिरड्यांकडे दुर्लक्ष करणे जास्त महागात पडू शकते, आणि मधले महिने अशा उपचारांसाठी विशेष सोयीचे मानले जातात.

पचनाची कथा वेगळी आहे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्नायूंना सैल करते, ही गर्भाशयासाठी मोलाची गोष्ट. पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही त्यामुळे ढिली पडते, आणि रात्री आडवे झाले की आम्ल वर येऊन छातीत जळजळ सुरू होते. आतड्यांचा वेगही मंदावतो, त्यात लोहाची गोळी बद्धकोष्ठतेची भर घालते. दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे खाणे आणि जेवल्यानंतर दोन-तीन तास आडवे न होणे याचा उपयोग होतो. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. हे औषधाच्या चिठ्ठीवर ठळक लिहायला हवे, असे माझे मत आहे.

शिंक आली किंवा अंथरुणात पटकन कूस बदलली की जांघेजवळ एका बाजूला तीव्र कळ येते. गर्भाशयाला धरून ठेवणारे अस्थिबंध ताणले जात असल्याने ती येते आणि क्षणात जाते. न थांबणारी किंवा ठरावीक अंतराने येणारी कळ, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसण्यासह होणारी तीव्र डोकेदुखी ही लक्षणे मात्र वेगळी आहेत. त्यांसाठी पुढच्या तपासणीची वाट न पाहता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

या सगळ्यात बाळाची हालचाल कधी सुरू झाली हे नेमके सांगणे अवघड आहे. पहिलटकरणीला ती बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळते. वार, म्हणजे बाळाला नाळेतून पोषण पुरवणारा अवयव, गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर असेल तर आणखी उशिरा. मला ती आधी पोटातला वायूच वाटली होती. मग एका दुपारी, खुर्चीत स्वस्थ बसलेली असताना, आतून कुणी बोट टेकवून लगेच काढून घ्यावे तसे झाले, पुन्हा त्याच जागी झाले, आणि शंका उरली नाही. हातात असलेले काम बाजूला ठेवून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. तिसऱ्यांदा काही झाले नाही.

१८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी पार पडली आहे. हृदयाचे कप्पे, मणका, मूत्रपिंडे असे एकेक अवयव त्यात पाहिले जातात आणि तपासणाऱ्या व्यक्तीचे गप्प राहणे फार लांबल्यासारखे वाटते, पण ती केवळ मोजमापांत गुंतलेली असते. आता २४ ते २८ आठवड्यांमधली साखरेची चाचणी बाकी आहे. वारेतून येणारी संप्रेरके इन्सुलिनचा परिणाम कमी करतात, त्यामुळे पूर्वी कधीही मधुमेह नसलेल्या स्त्रीचीही साखर या काळात वाढू शकते आणि बऱ्याचदा त्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. म्हणून तब्येत ठणठणीत वाटत असली तरी मी ती चाचणी टाळणार नाही.