अटारीचं खोकं, भाग चौथा: लेबलावर लेबल

मंडळी, तीन आठवडे नोंद टाकली नाही, कारण टाकण्यासारखं काही घडतच नव्हतं. कन्सोल सुरू व्हायचा, कॉम्बॅट गेमचे रणगाडे दिसायचे आणि दहा मिनिटांत पडद्यावर आडव्या पट्ट्या चढायला लागायच्या. मी आधी टीआयए चिपवर (टीव्हीचं चित्र आणि आवाज तयार करणारी) संशय घेतला; सगळ्यात महाग भागावर आधी संशय घ्यायची माझी जुनी खोड. निघालं मात्र चिल्लर कारण. पॉवरचा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वरून ठणठणीत दिसत होता म्हणून मी त्याला सोडून दिलं होतं. मीटर लावल्यावर कळलं, आतून पार वाळलाय. तो बदलला, सोबत विजेचा दाब स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटरही बदलला (त्याखालची पेस्ट पापडासारखी सुटून आली) आणि परवा रात्री सलग दोन तास रिव्हर रेड खेळलो. बायको दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली ती बसलीच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ही चार बटणांची, लाकडी पट्टीवाली अटारी २६००. इथे न्यू जर्सीत, एडिसनला, मागच्या गल्लीतल्या एका आजोबांनी गराज सेल लावला होता, तिथून केळ्यांच्या खोक्यासकट उचलली. आत कन्सोल, तीन जॉयस्टिक (एक लुळी) आणि एकसष्ट कॅसेटी. हो, कार्ट्रिजना मी कॅसेटीच म्हणणार. ९० च्या दशकात मामाकडे टीव्ही गेमचा डबा होता, तेव्हापासून तोंडात बसलेला शब्द आहे. त्या डब्यात आतच भरलेल्या गेममध्ये एक नदी आणि एक विमान होतं. ते रिव्हर रेड होतं आणि कॅरॉल शॉ नावाच्या बाईंनी १९८२ साली लिहिलं होतं, हे कळायला मला वयाची चाळिशी यावी लागली.

या वेळी कॅसेटींची सफाई केली. अटारीच्या स्वतःच्या कॅसेटींना तोंडाशी स्प्रिंगची झडप असते, ती कन्सोलमध्ये घातल्यावरच मागे सरकते. बाहेर असताना दोन्ही बाजूंच्या भोकांत काड्या घालून ती उघडी धरावी लागते. मग आयसोप्रोपाइलमध्ये बुडवलेला इअरबड, दोन्ही बाजूंच्या बारा-बारा पट्ट्यांवर. फारच काळ्या असतील तर आधी पांढरं खोडरबर, अगदी हलक्या हाताने. फुंकर कृपा करून मारू नका. लहानपणी सगळ्यांनी मारली, पण थुंकीने पट्ट्या गंजतात. ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीच्या लेबलांवर पांढरट-तपकिरी ठिपके उठलेत, त्याला आपल्यातले लोक ‘ॲक्टिप्लाक’ म्हणतात. ते काढायच्या भानगडीत पडलो नाही. लेबल गेलं की गेलंच.

एकसष्टपैकी छप्पन्न चालल्या. चाळीस वर्षं केळ्यांच्या खोक्यात पडलेल्या मालासाठी हा निकाल मला तरी थक्क करणारा आहे.

आता खरी गंमत. सगळ्या कॅसेटी जमिनीवर मांडून ढीग केले आणि लक्षात आलं, की हे खोकं म्हणजे अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या धंद्याच्या १९८३ च्या पडझडीचा पंचनामाच आहे. एकट्या पॅक-मॅनच्या चार प्रती. एका घरात चार! आजोबांना विचारलं तर म्हणाले, दोन विकत घेतल्या नाहीत, कुणीतरी दिल्या. अशा गेम लोक एकमेकांना देत सुटले होते, कारण त्या संपतच नव्हत्या. १९८२ च्या मार्चमध्ये पॅक-मॅन घरगुती अटारीवर आला, तेव्हा घराघरांत अटारी होत्या साधारण १ कोटी आणि कंपनीने कॅसेटी बनवल्या साधारण १ कोटी २० लाख. म्हणजे पॅक-मॅनपायी लोक आणखी कन्सोल घेतील हे धरूनच चालले होते. खपल्या ७० लाखांच्या वर, आणि तोही त्या काळातला विक्रमच. तरी उरलेला डोंगर लहान नव्हता.

या डोंगरामागे एक गोष्ट आहे, ती ‘ईटी’ सिनेमावरच्या गेमच्या किश्शापुढे नेहमी झाकली जाते. १९८१ मध्ये मागणी एवढी होती की दुकानदार मागवायचे शंभर आणि हाती पडायचे चाळीस. त्यातच अटारीने वितरकांना सांगितलं, पुढच्या अख्ख्या वर्षाची ऑर्डर आत्ताच नोंदवा. मग प्रत्येकाने काय केलं असेल? रॉकेलच्या रांगेत दोन डबे घेऊन उभं राहणाऱ्यांना सांगायला नको. लागत होतं त्याच्या दुप्पट-तिप्पट लिहून दिलं, कापून अर्धं येईल या हिशेबाने. पण १९८२ मध्ये माल खरंच आला, सगळाच्या सगळा. वर दुसऱ्या कंपन्यांचाही आला. मग ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या.

पॅक-मॅन मी स्टेलामध्ये (संगणकावर अटारीची नक्कल करणारा प्रोग्रॅम) एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिला. भुतं चार, पण एका फ्रेमला चितारलं जातं एकच. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक भुताच्या वाट्याला १५. म्हणून ती लुकलुकतात. हा गेम लिहिणाऱ्या टॉड फ्रायला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा या यंत्रावर चार ओळी लिहून पाहाव्यात. १२८ बाइट रॅम (किलोबाइट नव्हे, बाइट), चार केबीची रॉम, हलणाऱ्या आकृत्या दोन आणि चित्र साठवायला जागाच नाही. टीव्हीचा झोत जिथे पोचलाय तिथलं चित्र त्याच क्षणी पुरवायचं. पुढे मिस पॅक-मॅनला आठ केबी मिळाली आणि तिथली भुतं बरीच शांत आहेत. चार केबीचे पैसे वाचवले आणि नाव घालवलं, असं माझं मत. पुस्तिकेत पॅक-मॅन खातो त्या गोळ्यांना ‘व्हिडिओ वेफर’ म्हटलंय, ते मात्र वाचून अजून हसतोय.

दुसरा ढीग ॲक्टिव्हिजनचा, अकरा कॅसेटी, सगळ्या चालू. १९७९ मध्ये अटारीतले चार प्रोग्रॅमर, डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन, बाहेर पडले, कारण खोक्यावर नाव नाही आणि खपातला वाटा नाही. त्यांनी जिम लेव्हीसोबत कंपनी काढली. अटारीने दावा ठोकला, पण १९८२ मध्ये तडजोड झाली: रॉयल्टी द्या आणि खुशाल बनवा. दार उघडलं ते सगळ्यांनाच. क्रेन पिटफॉलसारखा गेम लिहायचा. दारातून पुढे आत घुसलेल्यांपैकी पुष्कळांकडे ना क्रेन होता ना वेळ. क्वेकर ओट्सने यूएस गेम्स नावाची शाखा चालवली. होय, ओट्सवाले तेच. कुत्र्यांच्या खाण्याच्या जाहिरातीसाठी एक गेम निघाला, दात घासायच्या प्रचारासाठी एक निघाला.

तिसऱ्या ढिगात यूएस गेम्सचा ‘स्नीक एन पीक’ निघाला, खोक्यासकट. लपंडावाचा गेम. एकाने लपायचं आणि दुसऱ्याने तोवर टीव्हीकडे पाठ करायची, खरोखरची! खोक्याच्या कोपऱ्यावर किमतीचं लेबल जाड वाटलं म्हणून नख लावलं, तर ते एकावर एक होतं. हेअर ड्रायर मंद ठेवून कडा गरम केली आणि पातळ पात्याने वरचं लेबल अर्धं उचललं. वर २.९९, लाल अक्षरांत. खाली ९.९९. त्याच्याही खाली, गोंदाने पिवळं पडलेलं, २९.९५. तिन्हींवर शिक्का एकाच दुकानाचा. मी पातं खाली ठेवलं आणि उचललेली कडा बोटाने परत दाबून बसवली. लेबलं काढून खोकं स्वच्छ करायचा माझा बेत होता, तो तिथेच रद्द. संग्राहक काही म्हणोत, या खोक्यात सगळ्यात मोलाची वस्तू ही आहे.

तीन लेबलांचा अर्थ असा. खेळण्यांच्या दुकानदारांची रीत होती, न खपलेला माल कंपनीकडे परत पाठवायचा आणि पैसे किंवा नवा माल घ्यायचा. १९८२ च्या नाताळानंतर त्यांनी तेच करायला घेतलं. पण छोट्या कंपन्यांकडे परत द्यायला पैसे नव्हते, बदली द्यायला धड गेमही नव्हता, आणि काहींच्या तर दारालाच कुलूप. माल दुकानदाराच्या गळ्यात. मग टोपल्या भरून दारात ठेवल्या. पाच डॉलरला टोपलीत ढीगभर गेम मिळत असताना पस्तीस डॉलरचा नवा गेम कोण घेणार? चांगला गेमसुद्धा तिथेच मेला. वाईट गेममुळे धंदा बुडाला असं म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. वाईट गेम स्वस्त झाल्यामुळे बुडाला.

बातमी फुटली ७ डिसेंबर १९८२ ला. अटारीची मालक वॉर्नर. तिच्या नफ्यातला अर्ध्याहून अधिक वाटा अटारीचा. वाढ ५० टक्के धरली होती, ती १० ते १५ टक्केच होईल, असं वॉर्नरने जाहीर केलं. लक्षात घ्या, तोटा नाही, वाढच, फक्त कमी. दुसऱ्या दिवशी शेअर एक तृतीयांश कोसळला. अटारीचे प्रमुख रे कॅसार यांनी घोषणेच्या २३ मिनिटं आधी आपले ५,००० शेअर विकले होते. १९८३ मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. संपूर्ण अमेरिकन बाजाराचा नेहमी दिला जाणारा आकडा म्हणजे १९८३ च्या ३२० कोटी डॉलरवरून १९८५ मध्ये १० कोटी. जपानमध्ये याच काळात, जुलै १९८३ मध्ये, निन्टेन्डोचा फॅमिकॉम बाजारात येत होता. तिकडे पडझड वगैरे काही नव्हतं.

ईटीबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर शाई पुष्कळ सांडलीय. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉला नाताळ गाठायला पाच आठवडे मिळाले. माझ्याकडे दोन प्रती आहेत, दोन्ही चालतात. खड्ड्याच्या कडेला ईटीचं नुसतं डोकं लागलं तरी तो आत पडतो, हाच काय तो मोठा वैताग. बाकी पाच आठवड्यांच्या मानाने काम नेटकं आहे. न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डोच्या कचराभूमीत सप्टेंबर १९८३ मध्ये जे पुरलं, ते २०१४ च्या एप्रिलमध्ये उकरलं तेव्हा सुमारे १,३०० कॅसेटी बाहेर काढल्या. त्यात ईटी होताच, पण सेंटिपीड, मिसाइल कमांड असे चांगले गेमही होते. पुरला गेला तो गोदामातला माल, एक गेम नव्हे.

आजोबांनी निघताना एक टीआय-९९/४ए संगणकही फुकट गळ्यात मारला. हा पिवळट प्लॅस्टिकचा, शेवटच्या काळातला. लावून पाहिला तर पहिल्याच पडद्यावर १९८३ आणि व्ही२.२. जाणकार इथे कपाळाला हात लावतील. या आवृत्तीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने (टीआय) बाहेरच्या कंपन्यांच्या नुसत्या रॉमवाल्या कॅसेटी चालणारच नाहीत अशी तजवीज केली होती. कारण सरळ होतं: यंत्र तोट्यात विकायचं आणि कमाई कॅसेटींवर करायची. यंत्र १९८१ मध्ये ५२५ डॉलरचं होतं, १९८३ च्या उन्हाळ्यात ९९ वर आलं. समोर कमोडोरचा जॅक ट्रॅमिएल होता. त्याच्याकडे एमओएस ही स्वतःची चिप कंपनी, त्यामुळे त्याला किंमत पाडणं परवडत होतं. त्यात जुना हिशेबही होता; सत्तरच्या दशकात कॅल्क्युलेटरच्या धंद्यात टीआयनेच कमोडोरला धुऊन काढलं होतं. कमोडोर ६४ घेताना कुठलाही जुना संगणक किंवा गेम यंत्र द्या, १०० डॉलर सूट, अशी योजना निघाली, तर लोक स्वस्तातला टायमेक्स सिंक्लेअर विकत घेऊन तोच काउंटरवर ठेवायला लागले! ऑक्टोबर १९८३ मध्ये टीआयने घरगुती संगणकातून अंग काढून घेतलं. माझ्या टीआयचा कीबोर्ड अर्धा मेलाय, तो पुढच्या भागात.

आता याच अटारीसाठी मी लिहितोय त्या गेमची प्रगती. नाव ‘काटाकाटी’, दोन पतंग. दोन आकृत्या म्हणजे दोन पतंग, दोन मिसाइल (यंत्रातल्या बारीक रेघेएवढ्या हलत्या खुणा) म्हणजे दोघांचा मांजा. यंत्राने जणू संक्रांतीसाठीच सोय करून ठेवलीय. मांजा तिरका दिसायला हवा, म्हणून दर ओळीला मिसाइल एक घर सरकवतो, नवी ओळ सुरू होईपर्यंत थांबवणाऱ्या डब्ल्यूसिंकनंतर लगेच सरकवायची आज्ञा, एचमूव्ह. त्याने पडद्याच्या डाव्या काठाला काळे दात उठतात. मग दर ओळीलाच एचमूव्ह मारलं आणि दातांची सरळ काळी पट्टी झाली. ॲक्टिव्हिजनच्या गेमना डावीकडे जी काळी पट्टी दिसते, ती हीच. इतकी वर्षं मला वाटायचं टीव्हीचा दोष. अजून एक भानगड शिल्लक आहे: बटण दाबलं की एखाद्या फ्रेममध्ये २६२ ऐवजी २६३ ओळी होतात आणि खऱ्या टीव्हीवर चित्र उडी मारतं. एका ओळीला प्रोसेसरच्या ७६ चकरा मिळतात, माझ्या प्रोग्रॅमच्या कुठल्यातरी फांदीत ७९ होतायत. शोधतोय.

रविवारी मुलीसोबत स्नीक एन पीक खेळलो. तिला पाठ करून उभं केलं आणि मी पलंगाखाली लपलो, म्हणजे माझा तो चौकोनी माणूस लपला. तिने समोरच्या खिडकीच्या काचेत सगळं पाहिलं होतं.

पॅक-मॅनच्या तीन कॅसेटी जादा आहेत, टपालखर्च द्या आणि घेऊन जा. ईटी एक द्यायला हरकत नाही, पण बदल्यात चालू जॉयस्टिक हवी.