पाच किलोची रायफल, माझ्या मापाची

ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ घेतलं. तेव्हापासून आमच्या कोल्हापुरात मुलाला नेमबाजीला घालायला निघालेल्या प्रत्येक पालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘रायफल कुठली घ्यायची?’’ उत्तरात त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी सांगते, नाव शेवटी बघा. मग ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातात.

स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा, पॉइंट टू टू रायफलचा. त्याला शस्त्रपरवाना आणि बाकीचे सगळे सोपस्कार आले. मी खेळते १० मीटर एअर रायफल, तीही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांच्या मास्टर्स गटात. उंची पाच फूट एक, चाळिशीचा चष्मा लागलेला, बँकेतली नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या रायफलवरची जवळजवळ प्रत्येक वस्तू या चार गोष्टींमुळे ठरली.

बराच काळ क्लबच्या रायफलवर काढल्यावर स्वतःची घ्यायचं ठरवलं. आपल्याकडे जी नावं कानावर पडतात ती मोजकी. वाल्थर आणि अँशुट्झ या दोन्ही जर्मनीतल्या उल्म शहरातल्या, फाइनवेर्कबाऊ ओबर्नडॉर्फची, स्टायर ऑस्ट्रियाची. नव्या रायफलची किंमत लाखांत जाते. मी क्लबच्या प्रशिक्षक सरांसमोर तुलनेचा तक्ता ठेवला. त्यांनी तो न बघताच बाजूला सारला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, यातली कुठलीही घ्या. बॅरल तुमच्यापेक्षा चांगलंच मारणार आहे.’’

लागलं थोडं मनाला, पण हिशेब मांडला तर त्यांचंच खरं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर गुण दशांशात मिळतात आणि सर्वांत वरचा शॉट १०.९ चा. पेलेट, म्हणजे छर्रा, केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश जातो. ६० शॉट्स, कमाल गुण ६५४. माझा स्कोअर सहाशेच्या आसपास, म्हणजे सरासरी शॉट दहाचा, म्हणजेच केंद्रापासून अडीच मिलिमीटर दूर. चांगली मॅच रायफल शिकंज्यात धरून चांगल्या पेलेटनं मारली तर शॉट्स केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर पडतात. उरलेले दोन मिलिमीटर माझे. माझे म्हणजे खांदा, गाल, मनगट आणि डोळा यांचे. पैसे आणि वेळ तिथेच घालायचे, हे तिथल्या तिथे ठरलं.

इंजिनिअरिंगला लागलेली एक मुलगी तिची वाल्थर एलजी ४०० विकत होती. ॲल्युमिनियमचा स्टॉक, म्हणजे दस्ता, त्यामुळे सगळं मागे-पुढे, वर-खाली होणारं. ‘‘काकू, सव्वातीन वर्षंच वापरलीय,’’ ती म्हणाली. जुनी रायफल बघताना लोक आधी बॅरलमध्ये डोकावतात. मी आधी हवेचा सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख वाचली. दोनशे बार दाबापर्यंत हवा भरायच्या या सिलिंडरला उत्पादनापासून साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि स्पर्धेत मुदतीतलाच सिलिंडर चालतो. रायफल कितीही चकाचक असली तरी सिलिंडर मुदतीच्या काठावर असेल, तर ते पैसे किमतीतून वजा करायचे. दुसरं काम सोपं. संध्याकाळी हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवरचा काटा कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा आणि सकाळी पुन्हा बघायचा. काटा हलला असेल तर कुठली तरी सील गळतेय. तिसरं, ॲलन कीचे स्क्रू बघायचे. डोकी झिजून गोल झालेली असतील, तर आधीच्या मालकानं हाताला येईल ते पिळलंय, हे समजून चालायचं. या रायफलचे स्क्रू स्वच्छ होते. काटा सकाळीही जागेवरच होता. घेतली.

खरं काम पुढे होतं. रायफल शरीराला टेकते ती चार जागी: खांद्यात बट प्लेट, गालाशी चीक पीस, उजव्या हातात ग्रिप, डाव्या तळव्यावर फोरएंड. दुकानातून आलेली रायफल ही रेडिमेड ब्लाउजसारखी, अंगात जाते पण हात वर केला की कळतं. आधीची मुलगी माझ्याहून अर्ध्या फुटानं उंच. तिच्या मापावरची रायफल मी खांद्याला लावली की डोळा साइटपर्यंत, म्हणजे नेम धरायच्या छिद्रापर्यंत, पोचवायला मान पुढे ताणावी लागायची.

लांबी कमी करायची ती जॅकेट घालूनच. साध्या कपड्यात माप घेतलं आणि वर कॅनव्हासचं जाड जॅकेट चढवलं की सगळं फुकट जातं. सरांनी बट प्लेट आत घेतली, मग खाली सरकवली, म्हणजे रायफल वर आली आणि मान सरळ राहिली. मूळ बट प्लेट वर-खाली व्हायची पण माझ्या खांद्याच्या खळग्यात नीट वळायची नाही, म्हणून ती नवी घेतली, एमईसी कंपनीची, दोन्ही टोकं वेगवेगळी फिरणारी. मात्र इथे नियमाचं भान ठेवावं लागतं. प्लेटला किती खोल बाक असावा याला मर्यादा आहे.

चीक पीसची परीक्षा फार साधी आहे आणि कुणीही घरी करू शकतं. डोळे मिटायचे, गाल टेकवायचा, मानेतला सगळा जोर सोडायचा आणि डोळे उघडायचे. पुढच्या साइटची नळी मागच्या छिद्राच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. माझी खाली-डावीकडे दिसायची. चीक पीस वर घेतला, किंचित आत घेतला. पुन्हा डोळे मिटले. असं चालूच. गाल दाबून मध्यभाग शोधावा लागला तर तो चीक पीस अजून तुमचा झालेला नाही. साठाव्या शॉटपर्यंत तो दाब सारखा राहत नाही आणि शॉट्स पसरतात.

ग्रिप मोठी होती. अक्रोडाच्या लाकडाची, सुंदर, पण तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ येण्याऐवजी बोटाची कड यायची आणि दाबताना रायफल बाजूला ढकलली जायची. लहान मापाची ग्रिप मिळते, पण मी ही गल्लीतल्या सुताराकडे नेली. तो उलटीपालटी करून बघत राहिला. ‘‘ताई, एवढं भारी लाकूड आणि तुम्ही घासायला लावताय?’’ कुठे घासायचं ते पेन्सिलनं मारून दिलं होतं: तळव्याचा फुगवटा आणि अंगठ्याखालची कड. पॉलिश पेपरनं थोडं घासायचं, हातात धरून बघायचं, पुन्हा थोडं. दोनेक मिलिमीटर लाकूड गेलं असेल. बोट जागेवर आलं. आता बघितलं तर त्या जागी पॉलिश नाही, हाताच्या घामानं लाकूड काळपट झालंय.

ट्रिगरबद्दल रेंजवर भरपूर ऐकायला मिळतं. पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान वजनाची, म्हणजे दाबायला लागणाऱ्या जोराची, अट आहे, रायफलच्या ट्रिगरला नाही, म्हणून मुलं तो हलका करत करत फुंकरीवर सुटेल इतका करून ठेवतात. मी शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवलाय, पहिला टप्पा लांब आणि स्पष्ट. थंडीत बोटं बधिर असताना फार हलका ट्रिगर कधी सुटला ते कळत नाही.

फोरएंडचा मुद्दा आम्हा बुटक्या, आखूड हातांच्या बायकांना जास्त भिडतो. उभ्या नेमबाजीत डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफल त्या हाडांच्या खांबावर उभी राहते. कोपर नीट टेकलं तर तळवा खाली राहतो, मग रायफल डोळ्यापर्यंत पोचत नाही. ५० मीटरवाल्यांसारखा पाम रेस्ट, म्हणजे तळव्यावर धरायचा टेकू, १० मीटरला चालत नाही. म्हणून फोरएंडखाली ब्लॉक लावून उंची वाढवायची, तीही ठरलेल्या खोलीच्या आतच. राहिलेली उंची साइटखालच्या रायझरनं, म्हणजे उंची वाढवणाऱ्या ठोकळ्यानं, भरून काढली. रायझर पुढे-मागे दोन्हीकडे सारख्या उंचीचे लागतात. हे झाल्यावर पहिल्यांदा पाठीतला पीळ कमी झाल्याचं जाणवलं.

वजनाची मर्यादा साडेपाच किलो, साइटसकट सगळं धरून. माझी पाचच्या थोडी खाली भरली. बॅगा तोलायचा हुकाचा वजनकाटा यासाठी पुरतो. बॅरलवर वजनं लावली की रायफल संथ होते खरी, पण ते वजन उचलायचं कुणी? तरुण मुलं मर्यादेपर्यंत जातात. मी पुढची वजनं काढून थोडं मागे नेलं, तोल डाव्या तळव्याच्या जवळ आणला आणि तिथेच थांबले. सव्वा तासात ६० शॉट्स, त्याआधी पंधरा मिनिटं तयारी आणि साइटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट्स. शेवटच्या वीस शॉट्सना कंबर काय म्हणते त्यावर वजन ठरवावं.

आता डोळे. पंचविशीतल्या मुलाला पुढच्या साइटमधली रिंग आणि दहा मीटरवरचं काळं वर्तुळ दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. चाळिशीनंतर एकच काहीतरी निवडावं लागतं आणि निवडायची ती पुढची रिंग. टार्गेट थोडं धुरकट चालतं, रिंग धुरकट चालत नाही. वाचायचा चष्मा इथे उपयोगाचा नाही, तो हातभर अंतरासाठी असतो. पुढची साइट डोळ्यापासून त्याहून लांब. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते अंतर टेपनं मोजून नेलं, त्यांनी दूरच्या नंबरात अर्धा नंबर अधिक करून दिला आणि ते भिंग मागच्या साइटवर बसवली. नियमानं ते चालतं, दुर्बीण चालत नाही. मागच्या साइटला छिद्र लहान-मोठं करता येणारी गेहमानची आयरिस घेतली. छिद्र लहान केलं की रिंग रेखीव दिसते पण उजेड घटतो, पावसाळी दिवसांत रेंजवर तो आधीच कमी असतो. मी एक-सव्वा मिलिमीटरमध्ये फिरवत असते. पुढची रिंगही मोठी केली. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड चांगली रुंद दिसली पाहिजे. कड बारीक असली की डोळा ती शोधत बसतो, बोट थांबतं आणि शॉट जातो. बट प्लेट सोडली तर सगळ्यात जास्त फरक याच खर्चानं पडला, आणि आमच्या वयाच्या मंडळींना हे कुणी आधी सांगत नाही.

पेलेटचा नंबर शेवटी. मॅचचे पेलेट सपाट डोक्याचे, अर्ध्या ग्रॅमहून थोडे जड, डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला: ४.४९, ४.५०. आमच्याकडे सरांनी जाड लोखंडी टेबलावर शिकंजा बसवलाय. रायफल त्यात धरून वेगवेगळ्या डब्यांतले पेलेट मारले. आरडब्ल्यूएसचा आर १० आणि एच अँड एनचा फिनाले मॅच, दोन्हींच्या दोन-दोन लॉटचे. गंमत म्हणजे एकाच कंपनीच्या दोन लॉटमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा जास्त निघाला. एका लॉटचं भोक जवळजवळ एका पेलेटएवढंच, दुसऱ्याचं लांबोळकं. चांगल्या लॉटचे डबे परवडतील तेवढे उचलले. सरावाला मात्र क्लबचेच स्वस्त पेलेट वापरते. अडीच मिलिमीटरवाल्या बाईनं रोज मॅच पेलेट उडवणं म्हणजे चैन.

जॅकेट, ट्राउझर, बूट हे जमलं तर रायफलच्याही आधी घ्यावेत, असं माझं मत आहे. क्लबची रायफल चालून जाते, दुसऱ्याच्या मापाचं जॅकेट चालत नाही.

राज्य स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलवर सगळं उलगडून ठेवावं लागलं. आधी रायफल काट्यावर, मग लांबी, फोरएंडची खोली, बट प्लेटचा बाक. डाव्या डोळ्यावरची पट्टी तीस मिलिमीटरहून रुंद नाही ना, तेही पट्टीनं मोजलं. जॅकेटचा कडकपणा यंत्रावर तपासला. तपासणाऱ्या पोरानं ग्रिपकडे बघून विचारलं, ‘‘काकू, ही कुठल्या कंपनीची?’’ म्हटलं, गल्लीतल्या सुताराची. त्यानं शांतपणे स्टिकर चिकटवला.

पुढचं लक्ष्य मावळणकर स्पर्धा. भारतीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर. त्यांचं नाव या स्पर्धेला आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेची वाट तिथून जाते. त्याआधी एक खर्च उरलाय, दुसऱ्या सिलिंडरचा. आहे त्याची मुदत अजून बाकी आहे, पण पावसाळ्यात हातपंपानं भरताना हवेतला ओलावाही आत जातो, म्हणून कोरडी हवा भरलेला एक वेगळा, फक्त स्पर्धेसाठी ठेवायचाय. बोनस झाला की ऑर्डर देणार.