अस्परॅगसचं बिऱ्हाड

आज दिवसभर मातीत होते. न्यू जर्सीतलं जुनं घर सोडतोय. सोफा राहिला तरी चालेल, पण सात वर्षांचा अस्परॅगस (कोवळे कोंब खातात ती भाजी) मागे ठेवून पाय निघेना. जात इथलीच, रटगर्स विद्यापीठाने काढलेली 'जर्सी नाइट'. सगळी नर झाडं, त्यामुळे लाल बियांचा पसारा नाही.

मार्चअखेर, कोंब फुटायच्या आत हलवायचं ठरवलं होतं. खणायला लागले आणि कळलं, आपण कशात हात घातलाय! पेन्सिलीएवढी जाड, पांढुरकी मुळं चारी बाजूंना दोन-दोन फूट गेलेली, शेजारणीच्या मुळांत अडकलेली. गुंता झालेली वेणी सोडवावी तसं तासभर बसून एकेक सोडवलं. तरी मध्येच 'कट्' आवाज यायचाच. नवरा वरून म्हणतोय, "अगं, दुकानात जुडी मिळते की!" त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आईच्या परसातली शतावरी आठवली. कूळ एकच. तिकडे आपण मुळं वापरतो, इकडे कोंब.

अकरांतले नऊ गड्डे धड निघाले. नव्या बागेत आठ इंच खोल चर, तळाशी मातीचा छोटा वरंबा, त्यावर गड्डा बसवून मुळं दोन्हीकडे पसरवली. वरून तीनच इंच माती, बाकीची कोंब वाढतील तशी.

यंदा एकही कोंब तोडायचा नाही, मुळांना सावरू द्यायचं. तेव्हा मे महिन्यात आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांनो, अस्परॅगस येताना घेऊन या. दुकानातून.