तुम्ही विचारलंत म्हणून: तो कोकीळ नव्हे

ब्रिस्बेनच्या दक्षिणेला लॅमिंग्टनच्या जंगलात काढलेले फोटो घरी पाठवले की ठरलेला प्रश्न येतो: ‘हा काळा पक्षी म्हणजे तिकडचा कोकीळ का?’

नाही. कोकीळही इकडे उन्हाळ्यात येतो, पण फोटोतला आहे सॅटिन बॉवरबर्ड. तो पूर्व ऑस्ट्रेलियाबाहेर कुठेच सापडत नाही.

आधी डोळे पाहा. कोकिळाचे लाल, याचे निळे-जांभळे, आणि तेही नर-मादी दोघांचे. चोच फिकट, निळसर पांढरी. लांबी साधारण ३२ सेंमी, शेपूट आखूड, अंग भरलेलं. आणि त्याला काळा म्हणायच्या आधी उन्हात येऊ द्या! सावलीत कोळशासारखा दिसणारा नर ऊन पडताच गर्द निळा झळकतो. ही निळाई निळ्या रंगद्रव्याची नाही. पिसांत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचे कण आहेत, त्यांच्यावर केराटिनचा (आपली नखं ज्याची असतात त्या प्रथिनाचा) पातळ थर. तिथून परतणारा प्रकाश निळा दिसतो.

त्याच्या आसपासच्या हिरव्या पक्ष्यांना सगळे सरसकट माद्या समजतात. पाठ शेवाळी, पंख तपकिरी, पोटावर गडद खवल्यांची नक्षी. मादी अशीच असते. पण त्यांत कोवळे नरही असतात. नराला पूर्ण निळा पिसारा यायला सातवं वर्ष उजाडावं लागतं. त्याआधी चोच फिकी पडू लागते, मग हिरव्यात एकेक निळं पीस डोकावतं. असा अर्धामुर्धा बदललेला नर मला पूर्ण निळ्याहूनही देखणा वाटतो.

नात्याचं म्हणाल, तर कोकिळाचा गणच वेगळा. फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ विएयो यांनी १८१६ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं बॉवरबर्ड हे नंदनपक्ष्यांचे (बर्ड्स ऑफ पॅरडाइजचे) सख्खे मानले जात. नर तसेच दिमाखदार, मादीला रिझवण्याचे सोहळे तसेच. १९८० च्या दशकात सिबली आणि अल्क्विस्ट या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी डीएनएची तुलना केली आणि ते नातं तुटलं. नंदनपक्षी कावळ्यांच्या बाजूला गेले. बॉवरबर्ड निघाले गाणाऱ्या पक्ष्यांच्या फार जुन्या शाखेतले, ऑस्ट्रेलियातल्या ट्रीक्रीपरांच्या, म्हणजे झाडांच्या खोडांवर चढणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या, जवळचे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नुसता पिसारा पाहून हे कुणालाच कळलं नसतं.

याच कुळात हिरवे कॅटबर्डही येतात. सॅटिन बॉवरबर्डचा नर मादीला रिझवायला काड्यांचं कुंज (बॉवर) उभारतो, तसं ते उभारत नाहीत, जोडीने राहतात, आणि त्यांचा नर कधीच निळा होत नाही. लॅमिंग्टनला तेही आहेत. पुढच्या खेपेला त्यांचे फोटो पाठवीन.