फुंकर मारण्याआधीचे प्रश्न

सोलापुरात पदार्थविज्ञान शिकवताना प्रकल्पासाठी हमखास येणारा एक विषय म्हणजे झिंक ऑक्साइडचा पातळ थर तयार करायचा, त्यावर अ‍ॅसिटोनची वाफ सोडायची, विद्युत रोध किती बदलला ते मोजायचे आणि शेवटी लिहायचे, की या सेन्सरमुळे मधुमेहाचे निदान श्वासावरून होऊ शकेल. प्रयोग उत्तम असतो, आलेखही स्वच्छ येतो. शेवटचे वाक्य मात्र त्या आलेखातून निघत नाही आणि ते का निघत नाही, हे समजून घेणे मला थर तयार करण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

आधी सेन्सरचे काम पाहू. टिन ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि पदार्थातील मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. त्यामुळे रोध वाढतो. अ‍ॅसिटोनसारखी वाफ आली, की तिची त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घटतो. थरातील कण नॅनो आकाराचे, म्हणजे अतिसूक्ष्म, असण्याचे महत्त्व येथेच आहे. इलेक्ट्रॉन काढून घेतल्याचा परिणाम पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. कण मोठा असेल तर त्याच्या गाभ्याला बाहेर काय चालले आहे याचा पत्ताच लागत नाही. कणाचा आकार त्या खोलीच्या दुपटीइतका लहान केला, तर सगळा कणच वायूला प्रतिसाद देतो.

ही संवेदनशीलता लागते, कारण श्वासातील प्रमाण फार सूक्ष्म असते. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये श्वासात सुमारे अडीचशे पदार्थ असल्याचे दाखवले. निरोगी माणसाच्या श्वासातील अ‍ॅसिटोन बहुधा दहा लाख भागांत एका भागाहून कमी भरतो आणि मधुमेहासाठी १.८ भाग हा आकडा अनेक शोधनिबंधांत उद्धृत केला जातो. हा आकडा सीमारेषा म्हणून वापरणे मला धोक्याचे वाटते. अ‍ॅसिटोन तयार होतो तो शरीर चरबी जाळू लागल्यावर. इन्सुलिनच्या तीव्र अभावाने कीटोअ‍ॅसिडोसिस (चरबी जळून रक्तात आम्ल साचण्याची अवस्था) झालेल्या रुग्णाच्या श्वासाला फळासारखा वास येतो तो यामुळेच. पण गोळ्यांवर साखर आटोक्यात असलेल्या रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा अ‍ॅसिटोन सारखाच असू शकतो.

आता सोलापूरचा माणूस या उपकरणात फुंकर मारतो असे समजा. सकाळी त्याने कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाल्लेली आहे. चटणीतील लसणापासून बनणारे एक गंधकयुक्त संयुग रक्तात मिसळून फुप्फुसावाटे कित्येक तास बाहेर पडत राहते, त्यामुळे चूळ भरून काही साधत नाही. तो विडी ओढत असेल तर श्वासात कार्बन मोनॉक्साइड वाढलेला असतो आणि तोही टिन ऑक्साइडचा रोध घटवतोच. दवाखान्यात शिरताना हाताला लावलेल्या सॅनिटायझरमधील अल्कोहोलचेही तेच. नवरात्रातील नऊ दिवसांचा उपवास असेल तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो: फक्त पाण्यावर राहणाऱ्या व्यक्तीचा अ‍ॅसिटोन मधुमेह नसतानाही बराच वाढतो, तर साबुदाणा आणि वरईवर राहणाऱ्या व्यक्तीच्या पोटात भरपूर पिष्ट जात असल्यामुळे तो फारसा वाढण्याचे कारण नाही. (आपले उपवास बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात, हे मान्य करायला हरकत नसावी.)

पाण्याच्या वाफेचा त्रास याहूनही मोठा आहे. श्वास बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो आणि पाण्याचे रेणू त्याच पृष्ठभागावर जागा अडवतात. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, आमच्या प्रयोगशाळेतील कोरड्या हवेत घेतलेला आलेख श्वासाला लागू पडत नाही. आमच्या सोलापूर विद्यापीठात पॉलिअ‍ॅनिलीनसारख्या वाहक पॉलिमरांवर (वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थांवर) आणि त्यांच्या धातू-ऑक्साइडबरोबरच्या मिश्रणांवर वायू-संवेदनाचे संशोधन झालेले आहे. असे पदार्थ खोलीच्या तापमानालाही काम करतात हा त्यांचा मोठा फायदा, पण बाष्पाचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

मग श्वासावरून निदान होतच नाही का? होते. दम्यात श्वसनमार्गाला येणाऱ्या एका प्रकारच्या सुजेचा अंदाज घेण्यासाठी श्वासातील नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोजतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांमध्ये शंभर कोटी भागांत २५ हून कमी भाग आले तर अशी सूज असण्याची शक्यता कमी आणि ५० हून अधिक आले तर जास्त. या चाचणीला जे यश आले त्यात, माझ्या मते, सेन्सरच्या बरोबरीने पद्धतीचा वाटा आहे. श्वास सेकंदाला ५० मिलिलिटर या ठरावीक वेगानेच सोडावा लागतो, कारण वेग बदलला की आकडा बदलतो. शिवाय श्वासाचा पहिला भाग तोंडातील आणि घशातील हवेचा असतो. रक्ताशी देवघेव करून आलेली हवा त्यानंतरची.

म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला मी नवा पदार्थ शोधण्याआधी काही कंटाळवाणी कामे सांगतो. श्वासाच्या प्रत्येक नमुन्याबरोबर त्याच खोलीतील हवेचा नमुना घ्यावा. अ‍ॅसिटोनची चाचणी नव्वद टक्के आर्द्रतेत करावी आणि त्यात मुद्दाम थोडे अल्कोहोल मिसळून पाहावे. एकाच निरोगी माणसाचा श्वास जेवणाआधी, जेवणानंतर आणि वेगवेगळ्या ऋतूंत मोजावा, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच आकड्यांत किती चढउतार असतो ते कळेल. रुग्ण आणि निरोगी यांच्यातील फरक त्या चढउतारापेक्षा स्पष्टपणे मोठा निघाला, तर मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाऊन रुग्णांचे नमुने मागायला मी स्वतः बरोबर येईन.