इंगलशॅमच्या भिंती कुणी खरवडल्या नाहीत म्हणून

स्विंडनहून हायवर्थमार्गे लेचलेडला जाताना इंगलशॅम लागतं. गाव असं काही उरलेलं नाहीये, चार-दोन घरं, जवळून जाणारी अगदी लहान थेम्स आणि सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च. आईबाबा इकडे आलेत तर शनिवारी त्यांना मुद्दाम घेऊन गेलो, कारण इंग्लंडमधलं माझं सगळ्यात लाडकं चर्च हेच.

आत गेल्या गेल्या आई म्हणाली, "अरे किती पोपडे निघालेत, याला रंग का नाही देत हे लोक?"

प्रश्न बरोबरच आहे, पण खरी गंमत त्या पोपड्यांतच आहे. या भिंतींवर १३ व्या शतकापासून १९ व्या शतकापर्यंतची चित्रं आणि मजकूर आहे, तोही एकावर एक. १६ व्या शतकात इंग्लंड कॅथलिकचं प्रोटेस्टंट झालं तशी जुन्या चित्रांवर सफेदी मारली, मग त्याच सफेदीवर बायबलमधली वचनं काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिली, पुढे परत चुना, परत अक्षरं. आता एका जागी लाल नक्षी डोकावते, तिच्यावरूनच अर्धी ओळ जाते आणि खालचं नीट बघायचं म्हटलं तर वरचं खरवडावं लागेल, म्हणजे ते गेलंच कायमचं.

व्हिक्टोरियन काळात तेच चाललं होतं. रिस्टोरेशनच्या नावाखाली गिलावा खरवडायचा, जुनी बाकं फेकायची आणि मध्ययुगात असं असेल असं समजून सगळं नवंकोरं करायचं. त्यावर चिडून कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली, तिचं टोपणनावच 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडण्याच्या विरोधात, आणि ती आजही काम करते. मॉरिसचं केल्मस्कॉटचं घर इथून जवळच. १८८८-८९ मध्ये त्याच्याच धडपडीमुळे हे चर्च दुरुस्त झालं, काम मिकलथ्वेट या आर्किटेक्टने बघितलं. पडायला आलेलं सावरलं आणि बाकी सगळं जिथल्या तिथे राहू दिलं, म्हणून तर दारं असलेली ती जुनी खोक्यांसारखी बाकं अजून जागेवर आहेत, काही वाकडी झालीत तरी.

बाबा सिव्हिलवाले, ते बाहेर दगडांच्या दरजाच बघत बसले. मला म्हणाले, असल्या भिंतीत चुनाच पाहिजे, सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि मग दगडच सुटायला लागतो. आमच्या गावच्या देवळाला सिमेंट आणि वर ऑइलपेंट फासला तेव्हा ते किती भांडले होते ते मला आठवतंय. कुणी ऐकलं नाही, आज खांबांवरची नक्षी रंगाखाली बुजलीये. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

निघताना आईला तिथली सॅक्सन काळातली, म्हणजे हजारेक वर्षं जुनी मूर्ती दाखवली. मांडीवर बाळ घेऊन बसलेली मेरी, वरून देवाचा हात आलेला. १९१० पर्यंत ही बाहेर दक्षिणेच्या भिंतीत होती, वेळ बघायला कुणीतरी तिच्यावरच सूर्यघड्याळाच्या रेघा कोरल्या होत्या, त्याही कुणी घासून काढल्या नाहीत. आई बराच वेळ तिथेच उभी होती. मग हळूच म्हणाली, "बाळाला कसं धरलंय बघ."

रंगाचं परत काही बोलली नाही.